बाहुलीचं मनगट

जन्नतबीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण भोरच्या बाजारात लांबून हात बघून बांगडीचं माप ओळखावं ते तिनंच. पंचवीस वर्षं ती बांगड्या भरत होती. वेल्ह्याकडच्या बायकांचे राकट हात असोत की नव्या नवरीचे, अंगठ्याखाली नेमकं कुठं दाबलं की हात मऊ पडतो, हे तिला पक्कं ठाऊक. बांगडी फुटली तर चूक भरणारीची, हाताची नव्हे, असं तिचं ठाम मत होतं.

दोन हजार सहा साली गावातल्या न ऐकू येणाऱ्या मुलांच्या शाळेत खुणांची भाषा शिकवायला बाई हवी होती. जन्नतबीला ती जागा मनापासून हवी होती. लहानपणी शाळेत खूण केली की तिच्या हातावर पट्टी बसायची. आता त्याच हातांनी तिला शिकवायचं होतं.

परीक्षा मात्र कॉम्प्युटरमधली बाहुली घेणार होती. बाहुली खूण करणार, आपण बरोबर चित्र निवडायचं. वीसपैकी अठरा उत्तरं बरोबर हवीत. जन्नतबीनं सतरा झटपट दिली, तीन कोरी ठेवली. पडद्यावर 'नापास' उमटलं.

बाहुली बनवणारा मार्गासनीचा धनाजी तिथंच होता. तो हळहळला. "चाची, अंदाजानं तरी एक टिपायचं की."

जन्नतबीनं हातवारे केले. तिची मुलगी अम्रीन ते बोलून सांगू लागली, "अम्मी म्हणती, तिला समदं येतं. बाहुलीचाच हात बरोबर न्हाई."

धनाजी हसला. जन्नतबी हसली नाही. तिनं त्याचा हात धरला आणि बाहुलीचं मनगट वळलं होतं तसंच वळवायला घेतलं. अर्ध्यातच तो कळवळला. "सोडा चाची, मोडंल."

"माणसाचा हात असा वळत न्हाई," अम्रीन सांगत होती. "तळवा कुणाकडं हाय तेच कळंना. अम्मीनं अंदाजानं टिपलं, तर पोरंबी अंदाजच शिकतील."

धनाजीनं मनगट चोळत ते तिन्ही प्रश्न पुन्हा पाहिले. मग महिनाभर खपून त्यानं बाहुलीचे हात नव्यानं केले.

जन्नतबी पुन्हा परीक्षेला बसली. वीसपैकी वीस. जागा मिळाली तरी ती उठेना. बाहुलीला परत परत हात वळवायला लावून निरखत राहिली, आणि मग अम्रीनकडं वळून तिनं बोटं चालवली.

"काय म्हणतायत?" धनाजीनं धास्तीनं विचारलं.

"म्हणती, आता हिच्या हातात बांगडी भरता येईल."