लँथनमची उघडी पाठ

लँथनमला चिकटलेले पाण्याचे तीन रेणू मी ओल्या फडक्यानं पुसून टाकले.

साठच्या दशकातली गोष्ट. सांगलीहून बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत मी नवाच आलो होतो. तिथल्या संशोधक अक्कांची आकडेमोड झाली की त्या आकड्यांवरून काचांवर शाईनं नकाशे काढायचे, हे माझं काम. अणू जिथं असेल तिथं वर्तुळात वर्तुळ, डोंगराच्या नकाशासारखं. काचा एकावर एक रचल्या की अख्खा रेणू समोर उभा.

अक्का बंगळूरमधल्याच शिवाजीनगरच्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मराठी घरातल्या. स्फटिकातून गेलेल्या क्ष-किरणांची फिल्म खिडकीशी धरून कुठला ठिपका किती काळा, हे त्या नुसत्या नजरेनं सांगायच्या. आठवड्यानं तीच फिल्म पुढं केली तरी उत्तर तेच. मला सकाळी एक दिसायचं, जेवण झाल्यावर दुसरंच.

पण नकाशातल्या अणूंवरून गणितानं येणारे ठिपके आणि फिल्मवरचे ठिपके काही जुळेनात. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी अक्कांना बजावलं होतं, "सोमवारपर्यंत बघा, नाहीतर हा स्फटिक सोडा." वर्षभराचं काम पाण्यात जायची वेळ आली होती. खरं तर ते पाण्यातच अडकलं होतं.

लँथनम या जड धातूच्या अणूला धरणारा रेणू सहा हातांचा. कोबाल्टला तो सहा हातांनी कवटाळतो, हे मी वाचलेलं. मग शेजारी आणखी तीन फिकट वर्तुळं कशाला? जड अणूभोवती गणितात खोट्या लाटा उठतात, हेही वाचलेलं. पुसली. काच कशी लख्ख!

शनिवारी अक्का काचांवर वाकल्या. "स्वल्प जरा इकडं ये रे. सगळे हात एकाच बाजूला आलेत. एवढा दांडगा अणू पाठ उघडी टाकून बसेल होय?"

"बसला असेल, अक्का."

"इथं काही होतं का?"

"तीन डाग होते. खोट्या लाटा. पुसले मी."

"अय्यो!" अक्का एवढंच म्हणाल्या आणि आकड्यांचे कागद ओढून बसल्या. स्फटिक पाण्यातूनच वाढवलेला, म्हणून पाण्याचे तीन ऑक्सिजन गणितात घालून रविवारभर बेरजा केल्या. सोमवारी ठिपके जुळले. पुढून सहा हात, पाठीशी तीन पाणी, नऊ शेजारी! सर काचांवरून मान वर काढेनात. शेवटी म्हणाले, "हा सोडायचा नाही."

नुसत्या उघड्या पाठीवरून पाणी ओळखणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

सर गेल्यावर मी धीर करून विचारलं, "अक्का, संशोधनाच्या पेपरात माझं नाव येईल ना?"

"तुझं कशाला? पाण्याचं येतंय की. ते निदान जागेवर होतं."