बाळूशेठची दुधी शीट

आमच्या फ्रेमच्या दुकानात किस्से म्हंजी भुसा! रोज झाडायचा, रोज साठायचा. आता हेच बघा, पाच चित्रं फ्रेम करायची हुती, आन् शेवटी खिशात हात कुनी घातला? लावा डोकं. न्हाई जमायचं! मालक बाळूशेठला सुदिक जमलं न्हवतं.

दुकान नगरात, माळीवाड्याकडं. शेठ मालक, मी कारागीर. गिऱ्हाईक ठरलेलं. देव, वारलेली मान्सं, आन् शुगर फॅक्टरीचे सत्काराचे फोटू. तिघांलाबी आमी एकच फ्रेम लावतो!

एक दिस कुंदा मॅडम आल्या. शाळंत चित्रकला शिकवायच्या, आता रिटायर. पयलं प्रदर्शन मांडनार हुत्या. बोलता बोलता मला म्हनल्या, "मामा, एक तरी चित्र विकलं जायला हवं. नाहीतर मुलगा माझी रंगाची खोली भाड्यानं देतोय. सुप्याच्या कंपनीतला एक जण बघूनही गेला." तोंड हसरं हुतं, पर आवाज हसरा न्हवता.

चित्रं कागदावर न्हवती. धुरकट, दुधाळ फिलमवर! उजेडाला धरली की आरपार. दोन्ही अंगानं रंगवलेली, मागचा रंग फुडं धुक्यावानी दिसायचा. शेठनं उलटंसुलटं करून बघितलं. "मॅडम, आदी वरचं प्लास्टिक काढू का?"

मी म्हनलं, "काढा की! खाली आपलं टेबल हाय!"

आमची सवय काय, घावंल त्याला गोंद. शेठनं पयल्या चित्राच्या पाठीमागं बोटभर गोंद थापला. वाळल्यावर फुडनं पिवळा डाग! मॅडमनी इचारलं, "हे काय?"

शेठ गडी लई हजरजबाबी. "ढग हाय."

"मी उन्हाळा काढलाय, शेठ."

मॅडमनी तो गोंद बसून बसून काढला. मंग आमाला शिकवलं. फकस्त वरच्या कडंला दोन चिकटपट्ट्या. बाकी फिलम मोकळी, दोरीवर धोतर लोंबतं तशी!

दुसऱ्या चित्राला येगळंच. थंडीचं दिस, हवा कोरडी. शेठनं काच खसाखसा पुसली, फ्रेममदी बसवली, तर फिलम चट्दिशी उडून काचंला चिकटली! शेठच्या हातावरचे केस हुभे!

मी हळूच म्हनलं, "शेठ, काचंत करंट उतारलाय. मागल्या साली श्रीगोंद्यात एक जन असाच फेकला गेल्ता."

कोन फेकला जातोय! पर शेठनं घरनं गमबूट आनले आन् दिवसभर घालून बसला. एक जन बापाचा फोटू न्यायला आला. "शेठ, दुकानात पानी भरलंय व्हय?"

सांजच्याला मॅडम आल्या, काचंच्या आन् फिलमच्या मदी जाड पुठ्ठ्याची पट्टी दिली. चिकटायचं थांबलं. गमबूट मातर शेठ दुसऱ्या दिवशीबी घालून आला!

तिसरं चित्र धुक्यातल्या उसाचं. फॅक्टरीचा एक डायरेक्टर सत्काराचा फोटू न्यायला आला, आन् रुमाल काढून लागला काच पुसाया. पुसतोय, पुसतोय, पर धुकं काय हालंना. म्हनला, "शेठ, काच बदला, खराब हाय."

मी म्हनलं, "सायेब, ऊन पडूंद्या. आपोआप जाईल." बाबा बसला की दारात वाट बघत!

चवथं धडपनी झालं, त्याचा किस्सा न्हाई. आन् पाचवं म्हंजी रातचं धरन. त्याच्या मागं बारीक बल्बची पट्टी लावायची, म्हंजी पान्यात उजेड दिसंल. बल्बच्या आन् फिलमच्या मदी दुधी ॲक्रेलिकची शीट पायजे. मॅडमनी शीटचे आठशे येगळे दिले. शेठनं आठशे खिशात टाकले आन् माळ्यावरचा जुना फ्लेक्स कापून बसवला. पांढरी बाजू फुडं, छापलेली बल्बाकडं. बल्ब न लावता बघितलं तर झ्याक! मी समदं बघत हुतो. मी कशाला बोलतोय!

प्रदर्शनाच्या दिवशी दाराबाहेर मान्सं जमलेली. आत आमी तिघंच. शेठनं केस बिस विंचरून परफ्यूम मारलेला. मॅडम म्हनल्या, "मामा, लावा दिवा."

लावला.

धरनाच्या मधोमध बाळूशेठ! गॉगल, हात जोडलेले, गळ्यात हार! वर उलटी अक्षरं. मला सुलटीबी वाचाय येत न्हाईत, पर मॅडमनी वाचली. "भावी... नगरसेवक."

शेठला दरदरून घाम. "मॅडम, बंद करा! मान्सं आत येत्यात!"

"राहू द्या की. पाण्यात छान दिसताय."

"आवो, आख्ख्या नगरात हासं व्हईल! हे मीच घेतो. किती?"

मॅडमनी चित्राकडं बघितलं, शेठकडं बघितलं. "तुमच्याशिवाय आठ हजार होतं. तुमच्यासकट बारा."

"आन् शीटचं?" मी आपलं इचारलं.

शेठनं माझ्याकडं असं बघितलं!

मॅडमनी तिथनंच पोराला फोन लावला. "त्या सुप्याच्या माणसाला सांग, खोली द्यायची नाही."

शेठनं मोजले. बारा हजार आठशे. रोख.