पांढऱ्या टोपीची

माझी मावशी हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करते. तिथलं यंत्र म्हणजे दोन तापलेले रूळ. ओली चादर एका बाजूने सरकवायची, दुसऱ्या बाजूने कोरडी ओढून घ्यायची. सव्वीस वर्षं तिने त्या वाफेत काढली आणि बावन्नाव्या वर्षी थंड पाण्याचा ध्यास घेतला. तेरा अंशांच्या पाण्यात सलग सहा तास पोहणं जमलं, तरच पुढे मोठ्या समुद्रात उतरायची परवानगी मिळणार होती.

घरात सगळ्यांनी तिला ‘बदक’ म्हणायला सुरुवात केली. ती हिवाळाभर खिडकी उघडी ठेवून झोपायची, स्वेटर घालायची नाही. काका कुरकुरायचे, “लग्न केलं तेव्हा बायको होती. आता शेजारी बर्फाची लादी झोपते.” तिला शिकवणारे मास्तर तलावावरचे निवृत्त जीवरक्षक होते. त्यांनी तिला आठ किलो वजन वाढवायला लावलं. मावशी खूश. “आयुष्यभर कमी कर, कमी कर ऐकलं. पहिल्यांदा कुणी खा म्हणालं गं!”

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सात वाजता ती तलावात उतरली. नावेत आम्ही दोघं, मास्तर वल्ह्यांवर आणि मी घड्याळ घेऊन. तिचे हात मिनिटाला किती पडतात ते मी मोजायचं, दर अर्ध्या तासाने लांब काठीला अडकवलेल्या पेल्यातून गरम साखरपाणी द्यायचं आणि एक प्रश्न विचारायचा. प्रश्न आदल्या दिवशीचा हवा, कारण नाव-पत्ता माणूस गारठून भ्रमिष्ट झाला तरी बिनचूक सांगतो. आणि तिला हात लावायचा नाही. नुसतं बोट लागलं तरी सहा तास फुकट.

“मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही,” तिने मला आधीच बजावलं होतं. “मास्तरांचं सोड, ते घाबरट आहेत. तू शब्द दे.” मी दिला.

धुकं दुपारपर्यंत उठलं नाही. पहिल्या तासाला तिचे हात बासष्ट पडत होते, चौथ्याला चोपन्न. तेवढं मंदावणारच, मास्तर म्हणाले. मग धुकं इतकं दाटलं की मी नुसत्या कानांनी मोजू लागले. आकडा आला एकशे आठ.

“दोनदा मोजलंस,” मास्तर म्हणाले.

पुन्हा मोजलं. एकशे आठच. नाव जवळ घेतली, डोळ्यांनी मोजलं, तर चोपन्न. डोळे मिटले की पाण्यावर दोघी जणी हात मारत होत्या, एकीमागोमाग एक.

साडेपाच तास झाल्यावर मी पेला पुढे केला. “मावशी, काल कामावर तुझ्यासमोर कोण होतं?”

“ती नवी. डावरी.” बरोबर होतं, आदल्या रात्री तिनेच सांगितलं होतं. ओठ निळे, पण हसत होती.

“आणि आज कोण कोण आलंय?”

“तू, मास्तर आणि ही.”

“ही कोण?”

“पांढऱ्या टोपीची. फार दमलीय गं. तिला पण दे ना घोटभर.”

सबंध तलावात पांढरी टोपी एकच होती, मावशीच्या डोक्यावर.

“पाणी कसं आहे?” मी विचारलं.

“कोमट. मघापासून छान कोमट झालंय.”

मास्तरांची वल्ही थांबली. कुडकुडणारा माणूस चालतो, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ज्याला ऊब वाटते तो चाललेला असतो. “काढ तिला,” ते म्हणाले.

“हात लावशील तर बघ!” मावशी ओरडली आणि वळून पोहू लागली. अठ्ठावीस मिनिटं उरली होती. तिचा हात सफाईदार पडत होता, सकाळी पडत होता तसाच. मी तीन हात मोजले. चौथ्याला तिच्या काखेत दोन्ही हात घातले.

ती लोखंडी खांबासारखी गार आणि कडक लागली. आम्ही दोघांनी तिला नावेत ओढलं. पालथी पडली तरी तिचे हात नावेच्या तळावर फिरतच होते. मास्तरांनी तिच्यावर चार घोंगड्या टाकल्या आणि एकदाही मागे न बघता काठ गाठला.

मावशी माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. काका म्हणाले, “येईल ताळ्यावर. माझ्याशी तर अठरा दिवस बोलली नव्हती एकदा, काय सुख होतं!” नवव्या दिवशी ती आपण होऊन आली आणि माझ्या पलंगावर बसली.

“रागावले नाहीये,” ती म्हणाली. “मला वाटत होतं, तुम्ही तिलाच काढताय.”

“कुणाला?”

“पांढऱ्या टोपीच्या बाईला. मी नावेच्या पलीकडे होते. तू तिला काखेत धरून ओढत होतीस, ते सगळं दिसत होतं. म्हटलं, सुटली बिचारी. माझे सहा तास तर शाबूत आहेत.” ती जराशी हसली. “मग तुम्ही वल्ही मारत निघालात, वळूनसुद्धा पाहिलं नाहीत.”

“मग तू काय केलंस?”

“काय करणार? आले तुमच्यामागून पोहत. काठ येईस्तोवर गाठताच येईना.” तिने माझी चादर हातात घेतली, तिची सुरकुती अंगठ्याने सरळ केली. “मग एकदम थंडी वाजली. कडकडून. तेव्हा कळलं, पोचले.”