चार खंड्या

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. नोकरीतून निघताना गावानं हार घातले, ‘पोरांना जीव लावणारा मास्तर’ म्हणाले. तेव्हा उठून ओरडावंसं वाटलं — गप्प बसा रे! पण मीच गप्प बसलो. नेहमीसारखा.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पेडगावजवळच्या एका खेड्यात, मारुतीच्या देवळात मी मराठी शाळा चालवत होतो. मी स्वतः शिकलो उर्दूतून. घरच्या बोलीत आकडे म्हटले म्हणून छड्या खाल्लेला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात — खोटं आहे. माझं जळलं होतं, मला कुठं कळलं?

सखू ही धनगराची पोर, आठेक वर्षांची. पाढे काही केल्या पाठ होईनात. शेवटी एक दिवस मी सगळा वर्गच तिच्या बापाच्या मेंढवाड्यावर नेला. धनगर मेंढरं विसाविसांनी मोजतात. वीस मेंढरांची एक खंडी. सखूनं पोरांना मोजून दाखवलं. महिन्याभरात विसाचा पाढाच काय, पोरं भागाकारसुद्धा तोंडी करायला लागली. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं!

मग शाळाखात्याचे साहेब तपासणीला आले. त्यांनी नेमकं सखूला उठवलं.

“वीस चोक?”

“चार खंड्या, सायेब!” — किती खुशीत म्हणाली ती.

उत्तर बरोबर होतं. साहेबांच्या कपाळाला मात्र आठी पडली. “हे कुणी शिकवलं?”

काय सांगायचं होतं? मी — एवढंच ना? नोकरी कच्ची होती, हो. पण ते कशाला सांगू? मी म्हणालो, “घरचं वळण, साहेब.” आणि सखूच्या थोबाडीत दिली. साहेबांना दिसावी म्हणून जोरात. ती रडली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली.

शेऱ्यात ‘शिस्त उत्तम’ असं आलं. त्या शेऱ्याची मला अजून किळस येते — आणि तो दोनदा वाचून खूश झालेल्या स्वतःची त्याहून जास्त. दुसऱ्या दिवसापासून सखू शाळेत आली नाही.

आठवड्यानं तिचा बाप वाटेत भेटला. जाब विचारेल असं वाटलं. त्यानं उलट हात जोडले.

“गुर्जी, पोरीला लय इचारलं. म्हनती, माजंच चुकलं आसंल. तिचंच चुकलं आसंल न्हवं?”

मी म्हणालो, “हो.”