टिकावांना काळा रंग कोणी मारला

विजूभाऊ, बाबांच्या फोटोखाली हात जोडायच्या आधी सांग, ते टिकाव कच्चे असताना काळा रंग कोणी मारला?

चारदा वाचली तुझी कॉमेंट. "थोर कारागीर गेला."
चाळीस वर्षं तुमच्या घरचे सांगत आले, याच्या हातून पाणी चुकलं. अन् आता थोर?

बाकीच्यांना माहीत नाही, म्हणून लिहिते. मी पाचवी शिकलेली बाई. शुद्धलेखन तपासायचं असेल त्यानं दुसरीकडे जावं.

बाबा मंगळवारी गेले.
उमरेड रोडला विजूभाऊच्या वडिलांचा कारखाना होता. तिथं बाबा हत्यारांना पाणी द्यायचे.

लाल तापवून पाण्यात बुडवलं की पोलाद कडक होतं. पण काचेसारखं. मारलं की फुटतं.
म्हणून ते घासून उजळ करायचं अन् मंद आचेवर पुन्हा तापवायचं. अंगावर रंग चढत जातात. पिवळा, तपकिरी, मग जांभळा.

"लोखंड एकच वं," बाबा म्हणायचे. "वस्तऱ्याले पिवळ्यावर थांबवा, टिकावाले जांभळ्यावर. तवा ते मार खाते अन् तुटत नाही."

काळा रंग सगळ्यात शेवटी. गंजू नये म्हणून. एकदा तो लागला की खाली जांभळं आहे की नाही, कोणाच्या बापाला दिसत नाही.

मी तेव्हा तेरा-चौदाची. ऐंशीनंतरची गोष्ट. कोळसा खाणीच्या ठेकेदाराची टिकावांची ऑर्डर होती. मधेच भिवापूरची आत्या वारली. बाबा निघाले. मी डबा घेऊन तिथंच उभी होते.

"मालक, हे नुसते बुडवलेले हायेत. मी आल्याबिगर काळं लावू नका."
"जा गा तू! ट्रक काय पळून चालला?"

तीन दिवसांनी बाबा परत आले. टिकाव नव्हते. ट्रकही नव्हता.

आठवड्यानं टिकाव आले. पोत्यात, तुकडे होऊन.
अन् सोबत बातमी. खाणीतल्या मजुराच्या, उमरेडच्या दामूच्या उजव्या डोळ्यात कपची घुसली. डोळा गेला.

मालक सगळ्यांदेखत ओरडले, "भट्टीत जास्त तापवलं तू! जाळून टाकलं लोखंड!"

बाबा भांडले नाहीत. एक तुकडा उचलून उन्हात गेले.
"पाहा. जळालं असतं तर तुटल्या जागी दाणा साखरेवानी चमकला असता. हा राखेवानी बारीक हाय. भट्टी नाही चुकली."
मग कानस फिरवली. ती नुसती घसरली, काचेवरून घसरावी तशी.
"हे दुसऱ्यांदा तापलंच नाही."


विजूभाऊ, तू वीस वर्षांचा होता. रंगाच्या डब्याजवळ उभा राहून खाली पाहत होता. मी पाहिलं तुला.

दुसऱ्या दिवशी बाबा एसटीनं उमरेडला गेले. दामूकाकाच्या घरी, त्याच्या आईसमोर बसून माफी मागून आले.

मी घरभर आदळआपट केली. "तुमची चूक नव्हती, काहून मागितली माफी?"

"ठसा माहा होता वं त्याच्यावर."

बुडवायच्या आधी ते प्रत्येक हत्यारावर चिमणीच्या पायाचा ठसा मारायचे.
त्यानंतर वीस वर्षं तिथंच राबले. ठसा एकावरही मारला नाही.

मी विषय काढला की म्हणायचे, "गप राह्य. मालकाचं मीठ खाल्लं."
राहिले. बाबा होते तोवर मी गप राहिले.

जा बाबा आता, आरामात जा. तुमचं मी कधी ऐकलं, की आज ऐकू?

विजूभाऊ, तेरवी पुढच्या रविवारी आहे. दामूकाकाचा फोन आला होता. सत्तरीला टेकलेला माणूस, एका डोळ्यानं रस्ता पाहत येणार.
म्हणाले, "तुह्या बापाले मी कवाच माफ केलं, पोरी."

माफ केलं!
 मी सांगितलं तर पोरगी बापाची बाजू घेते म्हणतील.

तुझे वडील गेले. काळा रंग लागला तेव्हा हजर असलेला तू एकटा उरला. तू त्यांचं ऐकून रंग मारला असशील, वीस वर्षांचा पोरगा काय करणार. मी तुला शिवी देणार नाही. पण दामूकाकाला तुझ्या तोंडून कळलं पाहिजे.

हात जोडलेली ती चित्रं काढून टाक अन् त्या जागी खरं लिही.
शनिवारी संध्याकाळपर्यंत. इथंच, सगळ्यांसमोर.