बेलव्ह्यू की आर्लिंग्टन
माझ्या मित्राने मला फसवलं आणि माझी अमेरिका लाटली. लसणाच्या चटणीचा वास आला की इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या ऑफिसचं किचन आठवतं. बाहेर करडा पाऊस, मायक्रोवेव्हमध्ये त्याचा डबा. कंपनी मला अमेरिकेत बेलव्ह्यू किंवा आर्लिंग्टनला पाठवणार होती. दोन्ही उपनगरांचे फोटो पुढे ठेवून मी त्याला विचारलं, "कुठली स्कायलाइन भारी?" "दोन्ही भिकार रे! बेलव्ह्यू म्हणजे कार पार्कमध्ये उभे केलेले फ्रीज. आर्लिंग्टन म्हणजे आपलं इथलं शेजारचं रेडिंगच, जरा उंच." कोथिंबिरीच्या जुडीसाठीही मी हुज्जत घालतो, पण तेव्हा मुकाट्याने ऐकलं आणि नकार कळवला. महिन्याभरात तोच बेलव्ह्यूला गेला. आजही तिथल्या टॉवरमध्ये राहून मिरवतोय. त्या लुच्च्याने एवढंच माझ्या तोंडावर सांगावं: त्या जागेसाठी अर्ज त्याने माझ्या नकारानंतर केला, की मी विचारलं त्याच्या आधीच?