सरपंचभाऊ आणि डोंगरातला इमाम

ओमानहून सुट्टीवर चामोर्शीजवळच्या आमच्या गावी आलो होतो. पासपोर्टची मुदत संपत आली होती, तो नवा करायला सरपंचभाऊंचा रहिवासी दाखला हवा होता. तो वेळेत मिळाला नाही तर नोकरी जाईल, या धास्तीने मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. सातवीत शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याला त्या देशाने पोसलं, म्हणून कोणी विचारलं की मी भरभरून सांगतो.

शेजारच्या काकूंनी विचारलंच, "तिथी राज्य कोणाचं बा?"

"आता सुलतानाचं. पह्यले किनाऱ्यावर सुलतान अन् डोंगरात इमाम. इमाम म्हणजे धर्माचा अन् राज्याचाबी मुख्य. त्याले जाणते लोक निवडत. नीट नाई वागला त काढून टाकत."

"काढून टाकत?" काकूंनी सरळ सरपंचभाऊंकडे पाहिलं. "मंग आपल्या इथी काऊन नाई?"

सगळी ओसरी हसली. शिक्का उचललेला सरपंचभाऊंचा हात तिथेच थांबला.

"पण भाऊ," मी घाईघाईने म्हणालो, "शेवटी डोंगरबी सुलतानानंच घेतला. त्याले कोणी निवडत नाई, कोणी काढत नाई."

"असं काय?" सरपंचभाऊ खुलले आणि दाखल्यावर शिक्का आपटला.

दाखला छातीशी धरून मी निघालो, तर मागून काकूंचा आवाज आला, "सुलतानभाऊ, नळाले पाणी कधी सोडता?"